टन एक, हिशेब अनेक
(ऊस विकास विभागाकडून)



'औंदा किती पडला?' हा प्रश्न आपल्या भागात ख्यालीखुशालीसारखा विचारला जातो. सांगणाराही नुसता आकडा सांगतो, 'पंचेचाळीस', 'बावन्न'. टन हा शब्द उच्चारायची गरजच पडत नाही, इतका तो आपल्या अंगवळणी पडला आहे. पण गटागटांतून हिंडताना आणि शेतकरी मेळाव्यांत बसताना आमच्या असे ध्यानात आले आहे की, ह्याच शब्दावरून सभासदांचा सर्वांत जास्त घोटाळा होतो. दीड टनाचा एसी दोन माणसं उचलून भिंतीला लावतात, मग त्याला दीड टन कसं म्हणायचं? कारखाना २५०० टनांचा आहे, मग काल २७०० टन गाळप झालं असं फलकावर कसं लिहिलं? जाहिरातीत १२० टनांचं उत्पन्न लिहिलंय, आमच्या रानात निम्मंसुद्धा का येत नाही? असे प्रश्न नेहमी येतात. प्रश्न रास्त आहेत. कारण टन हा शब्द एक असला तरी प्रत्येक धंद्यात त्याचा अर्थ निराळा आहे, आणि तो न कळल्यास नुकसान आपल्या खिशाला बसते. म्हणून ह्या अंकात टनाचीच उजळणी करण्याचे आम्ही ठरविले.

आपला टन

आधी आपल्या काट्यावरचा टन पाहू. हा मेट्रिक टन. १ टन म्हणजे १००० किलो, म्हणजेच १० क्विंटल. ह्यात कसलाही वाद नाही. ह्या एका टनावर किती जणांचा हिशेब अवलंबून असतो ते पाहा. तुमचे उसाचे बिल टनावर, तोडणी टोळीची मजुरी टनावर, मुकादमाचे कमिशन टनावर आणि वाहतूकदाराचे भाडेही टनावर. काट्याने टन चुकीचा सांगितला तर एकाच वेळी एवढ्या सगळ्यांचा हिशेब बिघडतो. म्हणून काट्याची पावती हा नुसता कागद नाही, ती सर्वांची साक्ष आहे.

पावती वाचताना एक चूक अनेकांकडून होते, ती येथेच सांगून टाकतो. पावतीवर १८.४५० असा आकडा असतो. काही जण तोंडी सांगताना '१८ टन ४५ किलो' असे सांगतात आणि घरी वहीतही तसेच मांडतात. ते बरोबर नाही. टिंबानंतरचे तीन आकडे किलोचे. १८.४५० म्हणजे १८ टन ४५० किलो. यंत्राने शेवटचे शून्य न छापता १८.४५ असे छापले तरी ते ४५० किलोच. ४५ किलो असते तर १८.०४५ असे दिसले असते. फरक ४०५ किलोचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरविला, म्हणजे टनाला ३५५० रुपये. त्या दराने ४०५ किलोचे, तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी, सुमारे १४३८ रुपये होतात. एका टिंबाची ही किंमत.

आणखी एक लक्षात घ्या. सरकारचा दर क्विंटलला जाहीर होतो, आपण बोलतो टनाला. साखरेचा भाव मात्र व्यापारी आणि कारखाने क्विंटललाच बोलतात. तेव्हा पेपरात 'उसाला ३५५' आणि 'साखरेला ३८००' असे काही वाचले तर दोन्ही क्विंटलचे भाव आहेत हे समजून तुलना करावी. नाहीतर टनाच्या भावाची क्विंटलच्या भावाशी सांगड घालून भलतेच गणित मांडले जाते.

टन आला कुठून?

टन हा शब्द इंग्रजांचा. त्यांच्याकडे दारू भरण्याचे एक मोठे लाकडी पिंप असे, त्याला 'टन' म्हणत. त्यात २५२ गॅलन दारू मावे. गलबतात अशी किती पिंपे बसतात त्यावरून गलबताचा आकार सांगण्याची आणि कर घेण्याची रीत पडली. म्हणजे मूळचा टन हा वजनाचा नव्हेच, तो मापाचा. आपल्याकडे पायली-अधोली जशी मापाची, तसाच. भरलेल्या पिंपाचे जे वजन भरे त्यावरून पुढे टन वजनाचाही झाला.

इंग्रजांनी हा टन २२४० पौंडांचा ठरविला, म्हणजे १०१६ किलो. अमेरिकेने आपल्या सोयीसाठी २००० पौंडांचा केला, म्हणजे ९०७ किलो. आणि फ्रान्सकडून आलेल्या दशमान पद्धतीचा टन १००० किलोंचा. हे तीन टन आजही जगात सुखाने नांदतात. ६० टन ऊस म्हणाल तर अमेरिकन ६० टनांचे आपले साडेचोपन्न टनही पुरते भरत नाहीत.

आपल्या देशात आधी मण होता. आणि तोही एक नव्हता. सरकारी बंगाली मण ४० शेरांचा, म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅमचा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२ किलो ७०० ग्रॅमचा. मद्रासचा आणखी निराळा. २० मणांची खंडी म्हटली तरी कोणत्या मणाची, हे विचारावेच लागे. कापसाच्या व्यापारात खंडी अजून जिवंत आहे आणि ती ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोची असते. ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी मणाच्या भावाने ऊस घातला, त्यांच्या घरी जुन्या पावत्या असतील तर पाहाव्यात. आजच्या एका टनात सरकारी मण पावणेसत्तावीसच्या वर थोडेसे भरतात.

हा गोंधळ मिटावा म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-क्विंटल टप्प्याटप्प्याने देशात लागू झाले. जुन्या जाणत्यांना शेर-मण सोडणे जड गेले, पण लबाडीची एक मोठी वाट त्यामुळे बंद झाली. आडगिऱ्हाइकाला एका मणाने घेणे आणि दुसऱ्या मणाने देणे हा त्या काळातला धंदाच होता.

जहाजावरचा टन म्हणजे आपला ब्रास

जहाजवाल्यांनी मात्र जुनी मापाची रीत सोडली नाही. जहाजाचा 'रजिस्टर टन' म्हणजे १०० घनफूट जागा. त्यात कापूस भरा नाहीतर लोखंड भरा, टन तेवढाच. आता हे आपल्याला नवीन वाटायचे कारण नाही. वाळू, मुरूम, खडी आपण ब्रासवर घेतो, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूटच. म्हणजे जहाजवाल्याचा एक टन आणि आपल्या गवंड्याचा एक ब्रास माप एकच. गंमत अशी की गवंडी फरशीच्या वेळी ब्रास म्हणाला तर तो १०० चौरसफूट असतो. ब्रासलाही टनासारखीच दोन तोंडे आहेत.

१९६९ साली जहाजांच्या मापाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो १९८२ पासून अमलात आला. त्यानुसार आता मोठ्या जहाजांचे माप निराळ्या सूत्राने काढतात, पण तेही जागेवरूनच. जहाज किती वजनाचा माल, तेल, पाणी घेऊन तरंगेल त्याचा टन वेगळा. त्याशिवाय भाडे आकारण्याचा टन आणखी वेगळा. जुन्या रीतीत ४० घनफूट जागा अडविणारा माल एक टन धरत, मग त्याचे वजन कितीही कमी भरो. हलका पण जागा खाणारा माल असेल तर जागेवर भाडे, जड असेल तर वजनावर भाडे, जे जास्त होईल ते घ्यायचे, असा जहाजवाल्यांचा व्यवहार.

आपल्या साखरेशीही ह्या परक्या टनांचा संबंध येतो. न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला इतके सेंट असा बोलतात आणि सौदा १,१२,००० पौंडांच्या पटीत होतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण २२४० ने भागून पाहा, बरोबर ५० जुने इंग्रजी टन होतात. लंडनच्या बाजारात पांढऱ्या साखरेचा भाव मेट्रिक टनाला डॉलरमध्ये. न्यूयॉर्कचा सेंटचा आकडा साधारण २२ ने गुणला की टनाचे डॉलर मिळतात. २० सेंट म्हणजे टनाला सुमारे ४४१ डॉलर. निर्यातीच्या बातम्या वाचताना एवढे गणित जवळ असू द्यावे.

बर्फाचा टन आणि सोनाराचा टन

आता एसीचा टन. हा वजनाचाही नाही आणि जागेचाही नाही, हा थंडाव्याचा आहे. यंत्रे येण्यापूर्वी अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजाने दूरदूर पाठवीत. १८३३ साली असा बर्फ कलकत्त्याला उतरला, आणि मुंबईतही त्या काळी बर्फ साठविण्याचे बर्फघर होते. पुढे थंड करणारी यंत्रे निघाली तेव्हा गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत ताकद सांगायची म्हणून बर्फाचाच हिशेब धरला. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर फेकणारे यंत्र एक टनाचे. विजेच्या मापात हे साडेतीन किलोवॅट होतात. दीड टनाचा एसी म्हणजे दिवसभरात दीड टन बर्फाइतका गारवा देणारा.

द्राक्ष-बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्या सभासदांनी येथे सावध असावे. '१००० टनांचे स्टोरेज' म्हणजे माल किती मावेल ते. '१०० टनांचा प्लांट' म्हणजे थंडावा किती ते. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे असतात. कोणता टन कशाचा हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

सर्वांत लहान टन खाणीतल्या सोनेपारख्यांचा. त्याचे वजन २९ ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे आपले जेमतेम अडीच तोळे! खडकाचा एवढा नमुना भट्टीत घालून त्यात जितके मिलिग्रॅम सोने निघेल, तितके औंस सोने त्या खडकाच्या एका अमेरिकन टनात आहे, असे सरळ उत्तर मिळावे म्हणून हे वजन मुद्दाम बसविलेले आहे. सर्वांत भयंकर टन स्फोटाचा. हिरोशिमावर १९४५ च्या ऑगस्टमध्ये पडलेला बॉम्ब सुमारे १५ हजार टनांचा म्हणतात, तो बॉम्बच्या वजनाचा आकडा नाही. तितके टन टीएनटी दारूगोळा उडाल्यावर जेवढी ताकद निघेल तेवढी त्यातून निघाली. आणि क्रिकेटमध्ये इंग्रजी समालोचक टन म्हणाला तर ते फलंदाजाचे शतक. असो.

कारखान्याच्या आतले टन

आता गव्हाणीकडे वळू. '२५०० टनी कारखाना' म्हणजे रोजची गाळप क्षमता २५०० टन. पण ही क्षमता २२ तासांच्या हिशेबाने धरतात. साफसफाई, किरकोळ थांबा ह्यासाठी दोन तास सोडलेले असतात. २५०० ला २२ ने भागले की ताशी सुमारे ११४ टन येतात. एखाद्या दिवशी गिरणी चोवीस तास न थांबता चालली तर सव्वासत्तावीसशे टन गाळप होते. फलकावरच्या २७०० चे उत्तर हेच.

बॉयलरचा टन वाफेचा. '७० टनी बॉयलर' म्हणजे तासाला ७० टन वाफ करणारा. वाफ म्हणजे पाणीच, तेव्हा तासाला ७० टन पाण्याची वाफ होते असे समजा.

आणि तुमच्या एका टन उसातून बाहेर काय पडते? ऊस म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. गाळपानंतर २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यातही निम्मे पाणी. ४० ते ४५ किलो मळी, ३० ते ४० किलो प्रेसमड, आणि उतारा सव्वादहा टक्के असेल तर १०२ किलो ५०० ग्रॅम साखर. बाकीचे पाणी वाफ होऊन जाते. म्हणजे दहा टन उसाची ट्रॉली गव्हाणीत गेली की मागे एक टनाच्या किंचित वर साखर उरते. उताऱ्याचा हा टक्का पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

एकरी की हेक्टरी?

सभासदांचा सर्वांत मोठा तोटा ह्या एका शब्दापायी होतो. सरकारी आकडे आणि संशोधन केंद्रांचे निष्कर्ष हेक्टरी असतात. आपण बोलतो एकरी. १ हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. तेव्हा 'हेक्टरी १२० टन' म्हणजे एकरी साडेअठ्ठेचाळीस टन. एखाद्या नव्या जातीच्या बेण्याची किंवा औषधाची जाहिरात मोठ्या अक्षरांत '१२० टन' सांगते आणि 'हेक्टरी' हा शब्द बारीक अक्षरांत टाकते. वाचणारा तो एकरी समजतो, बेण्याला वाटेल ते पैसे मोजतो आणि मग जातीला दोष देतो.

परदेशातले आकडे तर आणखी फसवे. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर 'एकरी इतके टन' म्हणत तेव्हा ते उसाचे नव्हे, साखरेचे टन असत, तेही अमेरिकन टन, आणि पीक सुमारे दोन वर्षांचे. तिथली शेवटची साखर गिरणी २०१६ च्या डिसेंबरात बंद झाली, पण जुन्या पुस्तकांतून ते आकडे अजून फिरतात.

दोन वर्षांचे पीक म्हटल्यावर आपली आडसाली आठवली. आडसाली लागण १६ ते १८ महिने रानात असते, सुरू १२ महिने, खोडवा ११-१२ महिने. समजा, आडसालीचा एकरी ६० टन पडला आणि शेजाऱ्याचा सुरूचा ४५ टन. गावात ६० वाल्याचेच नाव होते. पण महिन्याचा हिशेब काढा. ६० ला १८ ने भागले तर महिन्याला ३.३३ टन. ४५ ला १२ ने भागले तर ३.७५ टन. रान अडकले किती महिने, पाणी किती पाळ्या गेले, हे पाहिल्याशिवाय नुसत्या टनावरून शाबासकी देऊ नये. आडसाली वाईट असे आमचे म्हणणे नाही. जमीन, पाणी आणि तोडणीची तारीख पाहून लागण ठरवावी, इतकेच सांगणे आहे.

ऊस तुटण्याआधी आपल्या रानातला टन स्वतः मोजण्याची सोपी रीत अशी. एकरात ४० गुंठे. रानाच्या कडेचे सोडून, मधल्या दोन-तीन ठिकाणी एक-एक गुंठा आखून गाळपालायक ऊस मोजा. गुंठ्याला सरासरी १००० ऊस भरले तर एकरी ४० हजार झाले. मग त्यातले दहा-वीस ऊस तोडून, वाढे आणि पाचट काढून वजन करा. सरासरी दीड किलो भरला तर गुंठ्याला दीड टन, एकरी ६० टन. एकरी १०० टनांचे जे उद्दिष्ट सांगितले जाते त्याचे गणितही हेच आहे, ४० हजार ऊस आणि प्रत्येकी अडीच किलो. आपल्या रानात संख्या कमी पडते की वजन कमी पडते, हे कळले म्हणजे पुढच्या लागणीला काय सुधारायचे तेही कळते. संख्या कमी असेल तर बेणे, नांग्या भरणे आणि बाळबांधणीकडे पाहावे. वजन कमी असेल तर खत आणि पाणी पाहावे.

शेणखताचा, खताचा आणि कार्बनचा टन

एकरी १० टन शेणखत घाला असे आम्ही सांगतो आणि सभासद ट्रॉल्या मोजतात. ट्रॉली हे माप झाले, टन हे वजन. ओले, मातीमिश्रित खत जड भरते, कुजलेले कोरडे खत हलके. उपाय साधा आहे. विकतचे खत असेल तर एक ट्रॉली जवळच्या काट्यावर घालावी, पुढच्या ट्रॉल्यांचा अंदाज त्यावरून येतो. प्रेसमडचेही तसेच. ताज्या प्रेसमडमध्ये सत्तर टक्क्यांपर्यंत पाणी असते. एक टन ताजा आणि एक टन वाळलेला ह्यांचा भाव एक असून चालणार नाही.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, डीएपीची ५० किलोचीच आहे. म्हणून टनाला डीएपीच्या २० गोण्या, तर युरियाच्या २२ च्या वर. आणि एक टन युरिया म्हणजे एक टन नत्र नव्हे, त्यात ४६० किलो नत्र. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर नत्राचा आकडा असतो आणि दुकानदार युरियाचा आकडा बोलतो. दोन्ही एक समजल्यास डोस निम्म्याच्याही खाली पडतो.

अलीकडे 'कार्बन क्रेडिट'चे करार घेऊन काही मंडळी गावात येतात. तिथेही टनच आहे. पण हा टन कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा. मातीतला १ टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डाय-ऑक्साइड. मोबदला कोणत्या टनावर, तो मोजणार कोण, किती वर्षांनी देणार आणि रान किती वर्षे बांधले जाणार, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. पाचट मात्र कराराची वाट न पाहता रानातच कुजवावे. एकरी तीन-चार टन सेंद्रिय माल फुकट मिळतो, तो काडी लावून जाळू नये.

पाण्याचा टन

आता थोडे स्पष्ट बोलतो. तोडणीची चिठ्ठी आली की रात्रीतून पाणी सोडायचे, म्हणजे काट्यावर वजन वाढते, असा समज काही जणांत आहे. वजन थोडेफार वाढतही असेल. पण ते वाढलेले वजन पाण्याचे असते, त्यात साखर नसते. बिल सर्वांना कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर मिळते, म्हणून ज्याने पाणी सोडले त्याला स्वतःचा तोटा दिसत नाही. तो सर्वांत वाटला जातो.

किती वाटला जातो ते पाहा. ०.१ टक्का उतारा म्हणजे टनामागे फक्त १ किलो साखर. २०२५-२६ च्या दरपत्रकात सव्वादहाच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त ठरले आहेत, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. सव्वादहाच्या खाली साडेनऊपर्यंत तेवढेच कमी होतात. कारखान्याने हंगामात ५ लाख टन गाळले असे धरले, तर ०.१ टक्क्याने साखर ५००० क्विंटल घटते आणि सभासदांच्या बिलांत १ कोटी ७३ लाख रुपयांचा फरक पडतो. एकाने केले तर काही बिघडत नाही असे प्रत्येकाने म्हटले, की हे घडते.

म्हणून तोडणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. हलक्या जमिनीत थोडे कमी चालेल, भारी जमिनीत पुरते तीन आठवडे. ऊस जमिनीलगत छाटून घ्यावा, कारण बुडख्यात साखर जास्त असते. वाढे, पाचट, माती मोळीत जाऊ देऊ नये. आणि तोडलेला ऊस २४ तासांच्या आत काट्यावर यावा. तोडून ठेवलेला ऊस उन्हात वाळतो, तेव्हा टन तुमचा घटतो आणि साखर कारखान्याची घटते, म्हणजे पुन्हा तुमचीच.

काट्यावर आल्यावर

सभासदांनी काट्यावर आपला हक्क म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. गाडी चढण्यापूर्वी काट्याचा आकडा शून्यावर आहे ना, ते पाहावे.

२. भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन त्याच खेपेला व्हावे. मागच्या खेपेचे रिकामे वजन धरू नये. चाकांना चिखल असतो, डिझेल कमी-जास्त असते.

३. भरलेले वजन घेताना गाडीवर जितकी माणसे होती तितकीच रिकाम्या वजनाला असावीत. नाहीतर एका माणसाचे साठ-सत्तर किलो इकडचे तिकडे होतात.

४. पावतीवर सभासदाचे नाव, गट नंबर, गाडी नंबर, तारीख-वेळ आणि भरलेले, रिकामे व निव्वळ अशी तिन्ही वजने आहेत का, ते पाहावे. उदाहरणार्थ, भरलेले २७.३५०, रिकामे ८.९००, निव्वळ १८.४५०. वजाबाकी स्वतः करावी.

५. काट्याची पडताळणी वैधमापन खात्याकडून वर्षातून एकदा होते. त्याचा दाखला काट्याजवळ लावलेला असतो. त्यावरची तारीख पाहावी.

६. शंका आली तर गाडी रिकामी होण्यापूर्वी बोलावे. ऊस गव्हाणीत गेल्यावर शंकेला पुरावा राहत नाही.

विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. काटा सभासदांच्या मालकीचा आहे, आणि मालकाने आपला काटा पाहिलाच पाहिजे.

ज्यांना आपल्या रानातल्या उसाचा टनाचा अंदाज काढून हवा असेल, अगर बेणे, खत, कोल्ड स्टोरेज किंवा कार्बनच्या कागदावरचा टन समजून घ्यायचा असेल, त्यांनी कागद घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आमचे कर्मचारी तेथे असतात. सही करण्यापूर्वी यावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी